दशमीचे रावसाहेब

रावसाहेब,

तुमची बातमी एका गाडीवानाने आणली. अकोल्याहून रिकामी गाडी घेऊन येत होता. मी बागेत मेथीच्या जुड्या बांधत होते. कुंपणापलीकडूनच तो म्हणाला, "गंगाबाई, तुमचे रावसाहेब गेले. ताप आला होता म्हणे." मी हातातली जुडी बांधून पुरी केली. मग दुसरी घेतली. ढीग संपेपर्यंत बांधत राहिले आणि मग गावात गेले, तर ओट्याओट्यावर माणसं गप्प बसलेली. त्या संध्याकाळी कित्येक घरांत चूल पेटली नाही. सरकारी माणूस गेला म्हणून आमच्या गावात चूल पेटली नाही, असं कधी ऐकलं नव्हतं. याआधीच्या एकदोघांच्या वेळी तर गावाने नारळ फोडला असता.

हे मी कचेरीच्या वळणाने लिहिते आहे, ते तुम्हाला आवडलं नसतं. बायका बोलतात तसंच लिहा, सुधारू नका, असं तुम्ही मला बजावायचात. पण गेलेल्या माणसाला लिहिताना हात आपोआप सावरून बसतो. तेवढं माफ करा.

तुम्ही आमच्या तालुक्याचे तहसीलदार होऊन आलात ती कापसाच्या सोन्याची वर्षं होती. साता समुद्रापलीकडे कुठे लढाई लागली आणि आमच्या काळ्या मातीतलं बोंड विलायतेला हवंसं झालं. लोक ज्वारी मोडून कपाशी पेरत होते. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या आल्या होत्या. अमरावतीचा कापूस गाड्यांत भरून अकोल्याकडे निघायचा, आणि ती वाट आमच्या गावावरून जायची. हिवाळा लागला की पाऊस येईपर्यंत रोज संध्याकाळी गावतळ्याच्या काठी गाड्यांचा पडाव पडायचा. गाव खूश होतं. कडबा विकला जात होता, भाकरी विकली जात होती, माझ्या बागेतली वांगी आणि मिरच्याही तिथेच जात होत्या.

तुमच्या आधीचे अंमलदार पाटलाच्या ओसरीवर यायचे, जेवून पान खायचे आणि घोड्यावर बसायचे. तुम्ही शुद्ध दशमीला सकाळी आलात आणि ओसरीवर न चढता गावाबाहेरच्या कडुलिंबाखाली घोंगडी टाकायला सांगितलीत. तिथेच का, ते आम्हाला नंतर उमगलं. ओसरीवर महारवाड्यातली माणसं येऊ शकत नव्हती, लिंबाखाली येऊ शकत होती. दर महिन्याच्या शुद्ध दशमीला येईन, असं सांगून, लोकांनी जे जे सांगितलं ते लिहून घेऊन तुम्ही गेलात. परत येतील असं कोणालाच वाटलं नाही.

पुढच्या दशमीला तुम्ही आलात, आणि काही विचारायच्या आधी तो मागचा कागद काढून वाचायला लागलात. ही गोष्ट झाली. ही झाली नाही, कारण वरच्या साहेबांनी नाकारली. ही मी विसरलो, चूक माझी. मी बायकांच्या घोळक्यात मागे उभी होते. तुम्ही ते इतक्या साध्या आवाजात वाचलंत की अर्ध्या लोकांना वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं.  पाटील त्या दिवशी घरी जाऊन म्हणाले म्हणे, ह्या माणसाची नोकरी टिकत नाही.

पाण्याचं निघालं ते तिसऱ्या का चौथ्या दशमीला. पुरुष रस्त्याचं बोलत होते, मोजणीचं बोलत होते. तुम्ही मध्येच विचारलंत, गावात पाणी कोण भरतं? सगळे हसले. बाया भरतात, आणखी कोण? "मग पाण्याचं मी तुम्हाला काय विचारतोय?" असं म्हणून तुम्ही उठलात आणि तळ्याच्या वाटेने चालू लागलात. त्या वाटेवर माझी बाग. मी विहिरीच्या सावलीत पोथी वाचत बसले होते. माझं माहेर रिद्धपूरजवळचं, घर महानुभावांचं. बापाने मला अक्षरओळख करून दिली होती, आणि नवरा गेल्यावर ती पोथीच माझी सोबत होती. विधवेच्या हातात पोथी बघून लोक थबकायचे. तुम्ही थबकला नाहीत. लिहिताही येतं का, एवढंच विचारलंत.

"वाचता येते," मी म्हटलं. "लिवनं वाकडंतिकडं हाये."

"वाकडं चालेल."

तुम्ही कागद दिलात आणि म्हणालात, बायकांचं ऐका आणि पुढच्या दशमीपर्यंत लिहून ठेवा. मी म्हटलं, मी रांडमुंड बाई, गाव काय बोलेल? तुम्ही खोटा दिलासा दिला नाहीत. गाव बोलेल, ते मला थांबवता येणार नाही, म्हणालात. नको वाटलं तर कागद कोरा परत द्या, मी एक शब्द विचारणार नाही. तो कागद माझ्या घडवंचीमागे चार दिवस पडून होता. पाचव्या दिवशी महारवाड्यातली भिवरा शेणी विकायला आली. तिला सहज विचारलं आणि ती जी बोलायला लागली ती थांबेना. मग माळ्यांच्या बाया आल्या, कुणब्यांच्या आल्या. वाती वळायचं निमित्त करून पाटलीणबाईही आल्या.

पुढच्या दशमीला तुम्ही तो कागद पुरुषांपुढे वाचलात. नावं वगळून, पण शब्द न् शब्द. गाडीवानाईचे बैल पान्यात उतरतेत, तिथंच मुततेत, तेच पानी आमी घरी आणतो. सकाळी बाहेर जा लागते तं काठावर परके मानसं निजलेले असतेत, पोरी दिवसभर पोट धरून बसतेत. आमी कोनाले सांगाव?  वाचताना तुमचा आवाज एकदाही चढला नाही. आमचं बोलणं कोणी इतक्या अदबीने वाचलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. कागदात तर शेणामुताच्याच गोष्टी होत्या.

अक्षर कोणाचं, हे गावाला लगेच कळलं. माझा दीर किसन घरी येऊन माझ्यावर फार चिडला. पडाव हलला तर भाजी कोणाला विकशील, आपल्याच पोटावर पाय देतेस, म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. माझी जाऊ मात्र चुलीपाशी बसून हळूच म्हणाली, बरं केलंत बाई.

तुम्ही वर लिहिलंत. पडाव नाल्यापलीकडे न्यावा, तिथे गाड्यांसाठी वेगळी विहीर खोदावी. वरून नकार आला. कापसाची वाट अडेल असं करू नये, हंगाम संपल्यावर बघू. तुम्ही पुन्हा लिहिलंत. दशमीमागून दशमी गेली, आणि प्रत्येक वेळी तुम्ही लिंबाखाली वाचायचात की पडावाचं झालं नाही. फाल्गुनात माझा तोल गेला. पुरुषांसमोर कधी तोंड न उघडणारी मी पुढे आले आणि म्हणाले, "रावसाहेब, तुमी वाचता अन् जाता. पानी आमाले प्या लागते."

 तुम्ही बरोबरच्या कारकुनाकडे वळलात आणि म्हणालात, हे लिहून घ्या. पुढच्या दशमीला सगळ्यांत आधी तेच वाचलंत.

वैशाखात पडावावर पटकीची, जुलाब-उलट्यांची साथ लागली. आधी दोन गाडीवान गेले. मग तळ्याकाठच्या घरांत शिरली. माझी जाऊ सकाळी पाणी भरून आली आणि दिवेलागणीला गेली. किसन भिंतीकडे तोंड करून बसला, तो बसलाच. दशमी दोन दिवसांवर होती. पाटलांनी माणूस पाठवून तुम्हाला कळवलं, गावात पटकी आहे, येऊ नका. कोणाचीच अपेक्षा नव्हती. माझीही नव्हती. खरं सांगते, न आल्याबद्दल मी तुम्हाला मनात माफही करून टाकलं होतं.

तुम्ही आलात. एक शिपाई बरोबर होता, तोही वेशीवर थांबला. तुम्ही तळ्यावर काटेरी फांद्या घालून ते बंद करायला लावलंत आणि मग माझ्या बागेत आलात. गावातलं स्वच्छ पाणी आता एकट्या माझ्या विहिरीत होतं. तुम्ही म्हणालात, "बाई, विहीर तुमची आहे. हुकूम करणार नाही. पण सगळ्या गावाला पाणी लागेल, आणि सगळ्या गावाला म्हणजे सगळ्यांनाच."

सगळ्यांनाच म्हणजे कोणाला, ते मला कळलं. माझ्या माहेरच्या पंथात संन्याशाला जात विचारत नाहीत. पण संसारी माणसांच्या विहिरी काही संन्यास घेत नाहीत. महारांची घागर माझ्या विहिरीत उतरली तर माझ्या हातची भाजी कोण घेणार, किसनच्या पोरींना कोण पत्करणार? मी घरात जाऊन बसले. तुम्ही लिंबाखाली जाऊन बसलात. ऊन डोक्यावर आलं तरी मी उठले नाही. तुम्ही निरोपही पाठवला नाहीत.

शेवटी मी किसनसमोर बसले आणि म्हटलं, घागर उतरू न देता मोटेने पाणी काढलं, मोट ओतायच्या थारोळ्यातून पाटाला सोडलं, आणि पाटावर सगळ्यांनी भरलं तर? वाहतं पाणी, त्याला विटाळ नाही. बायको गेल्यापासून किसन बोलला नव्हता. तो उठला, म्हणाला, "बैल मी जुपतो वयनी." त्या दुपारपासून आठ दिवस त्याने मोट हाकली. गावातल्या बाया पाटाच्या वरच्या अंगाला भरत होत्या, भिवरा आणि तिच्याकडच्या बाया खालच्या अंगाला.

तुम्ही येऊन बघितलंत. मला वाटलं, शाबासकी द्याल. "बाई, पाटाला वरची आणि खालची बाजू असते," एवढंच म्हणालात.

"आज एवढंच होईल, रावसाहेब."

"आज एवढं करा," असं म्हणून तुम्ही तळ्याकडे गेलात.

पडावावर त्या दिवशी जे झालं ते गावाने डोळ्यांनी पाहिलं. गाडीवान उठायला तयार नव्हते, बैल थकले होते. अमरावतीच्या एका व्यापाऱ्याचा गुमास्ता तिथे होता. वरच्या साहेबांचा हुकूम दाखवा, नाहीतर माझ्या गाड्या हलणार नाहीत, म्हणाला. हुकूम नव्हताच. तुम्ही वेशीवरच्या शिपायाकडून दौत-लेखणी मागवलीत, गाडीच्या जुवावर कागद ठेवून लिहिलंत की पडाव मी हलवतो आहे, जाब मी देईन, आणि सही करून कागद त्याच्याच हातात दिलात. मग पहिल्या गाडीच्या बैलांचा कासरा धरून तुम्ही स्वतः पुढे चालू लागलात. मागची गाडी हलली, तिच्या मागची हलली. धुळीतून ती सगळी रांग नाला उतरून पलीकडे गेली. मी बागेच्या कुंपणाशी उभी होते. आपण वाकड्या अक्षरात लिहिलेल्या एका कागदाने एवढ्या गाड्या चालतात, हे मी त्या दिवशी बघितलं.

पटकी ओसरली. तळं पावसाने धुऊन निघेपर्यंत गाव पाटावरच पाणी भरत राहिलं, आणि नंतरही कित्येकींनी ती सवय सोडली नाही. तुम्ही दर दशमीला जाताना पाटापाशी थांबायचात. खालची बाजू अजून तिथेच आहे का, विचारायचात. एकदा मी चिडून विचारलं, "तुमच्या कचेरीत महार शिपाई मटक्याले हात लावते काय?" तुम्ही लगाम हातात घेतलात. घोड्यावर बसून गेलात. मला वाटलं, दुखावला असाल. पुढच्या दशमीला तुम्ही कागद काढलात आणि वाचलंत: गंगाबाईंनी विचारलं, कचेरीतल्या पाण्याच्या मटक्याला महार शिपाई हात लावतो का. उत्तर, नाही. हेही झालेलं नाही. पाटलांनी मान खाली घातली. मीही घातली. त्या वादात जिंकलं कोण, हे मला अजून सांगता येत नाही.

मग तुमची बदली झाली. तो हुकूमही तुम्ही लिंबाखाली वाचून दाखवलात, परवानगी न घेता पडाव हलवल्याबद्दल. खाली अकोल्याच्या कचेरीत, हुद्दा कमी. वाचून झाल्यावर घडी घातलीत आणि म्हणालात, आता गावाचं सांगा. बायका रडत होत्या आणि तुम्ही म्हशींच्या गोठणाचं लिहून घेत होतात.

नवे साहेब दर महिन्याला येत नव्हते. आम्हीच दशमीला लिंबाखाली जमायला लागलो. मी लिहायचे, आणि कागद अकोल्याला जाणाऱ्या गाडीवानाबरोबर तुम्हाला पाठवायचे. तुमचं उत्तर यायचं. हा तालुका आता माझा नाही, तरी ज्यांचा आहे त्यांच्याकडे पाठवलं. एवढं झालं, एवढं झालं नाही. एकदाही उत्तर चुकलं नाही.

दुसऱ्या वर्षी चावडीवर सरकारी हुकूम लागला. साऱ्या गाडरस्त्यावर पडाव पिण्याच्या पाण्यापासून दूर असावेत, तिथे गाड्यांसाठी वेगळी विहीर असावी. पाटलांनी मला वाचायला बोलावलं. चावडीच्या पायरीवर उभं राहून बाईने सरकारी कागद वाचायचा, हे गावाला तोवर अंगवळणी पडलं होतं. मी वाचत गेले आणि मध्येच अडखळले. त्यात लिहिलं होतं, कारण गाडीवानांचे बैल पाण्यात उतरतात व तेच पाणी स्त्रिया घरी नेतात. ते भिवराचं बोलणं होतं. भाषा जरा धुतली होती, पण बोलणं तिचंच. तुमचं नाव हुकुमात कुठेही नव्हतं. भिवरा खाली अंगणात उभी होती. मी ते वाक्य तिच्यासाठी पुन्हा वाचलं. ती म्हणाली, "हे तं मी म्हटलं होतं." आणि मग कितीतरी वेळ चावडीकडे बघत राहिली.

आता लढाई संपली, कापसाचं सोनं उतरलं. बडनेऱ्याहून आगगाडी जाते, पडावावर गाड्या थोड्याच उतरतात. भाजी मी डोक्यावर पाटी घेऊन बाजारात नेते. तक्रार नाही.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. यंदा चैत्रात भिवराचा पाय मुरगळला होता. पाटाच्या खालच्या अंगाला चिखल होता, तिला उतरवेना. मी मोटेपाशी होते. मी म्हटलं, वर ये, थारोळ्यातच भर. तिने माझ्याकडे बघितलं, आणि आली. मी काही ठरवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्याकडच्या आणखी दोघी आल्या. माळ्यांच्या काही बायांनी माझ्याकडून पाणी भरणं सोडलं, काही आठ दिवसांनी परत आल्या, दोघी अजून आल्या नाहीत. किसनने मोट थांबवली नाही. हे मी कागदात लिहिलं नाही. म्हटलं, हे प्रत्यक्ष सांगावं, तुमचं तोंड बघावं. पाटाच्या वादात मी हरले हे कबूल करायला मला इतके महिने लागले, आणि तुम्ही थांबला नाहीत.

तुमच्या दहाव्यानंतर मी अकोल्याला गेले. किसनने गाडी जुंपली. घर शोधायला वेळ लागला, इतकं ते साधं होतं. तुमच्या बाई ओसरीवर बसल्या होत्या. मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, बागवाल्या गंगाबाई का? आणि मला आत नेऊन जवळ बसवून घेतलं. त्यांना गावातली माणसं नावानिशी ठाऊक होती. मी त्यांना म्हटलं, रावसाहेबांसारखा निडर माणूस मी पाहिला नाही, पटकीत माणसं गाव सोडून पळत होती आणि ते गावात आले.

 मग त्यांनी सांगितलं की तुमची पहिली मुलगी पटकीनेच गेली होती, तुमच्या मांडीवर. तेव्हापासून तुम्ही तो शब्द घरात काढू देत नव्हता. "निडर नव्हते हो," त्या म्हणाल्या. "त्या सकाळी तीनदा दारापर्यंत जाऊन परत आले. अंगरखा घामाने भिजला होता. मी म्हटलं, नका जाऊ, कोणी काही म्हणणार नाही. तर म्हणाले, त्या बायका दशमी मोजतात." परत आल्यावर तुम्ही दोन दिवस गोठ्यात राहिलात, म्हणाल्या, मुलांना जवळ येऊ दिलं नाहीत.

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले, त्यांनी ठेवू दिलं नाही. येताना किसन विचारत होता, बाई काय म्हणाल्या, आणि मी त्याला गाडी हाकायला सांगितलं.

रावसाहेब, त्या दिवशी मी घरात बसून राहिले, भाजीचा विचार करत, जातीचा विचार करत, आणि तुम्ही पटकीच्या गावात त्या लिंबाखाली दुपारपर्यंत माझी वाट बघत बसलात. मला वाटलं होतं, तुम्हाला भीती ठाऊकच नाही, बसू द्या. एकदा तरी हाक मारायची होतीत.